बेसमेंटमधल्या गोल्फ सिम्युलेटरसाठी परवडणारा प्रोजेक्टर कुठला घ्यावा?

सावनी_ओहायो
नमस्कार मंडळी. कोलंबसला थंडी सुरू झाली की गोल्फ जवळजवळ मार्चपर्यंत बंदच, आणि एप्रिलमध्ये पहिल्या राउंडला उभी राहिले की स्विंग कुठेतरी सांडून आल्यासारखं वाटतं. म्हणून यंदा बेसमेंटमध्ये सिम्युलेटर लावायचाच असं ठरवलंय. गार्मिनचा आर१० (बॉलचा वेग आणि दिशा मोजणारं यंत्र) घेऊन झालाय, मॅट आहे, सध्या नेटमध्ये मारतेय पण फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवर बॉल कुठे पडला ते बघायचा कंटाळा आलाय. आता इम्पॅक्ट स्क्रीन (ज्याच्यावर बॉल मारायचा तो पडदा) आणि प्रोजेक्टर राहिलाय.

जागा २० फूट लांब, १३ फूट रुंद, उंची ९ फूट. मधे एक हीटिंगचा डक्ट आडवा गेलाय तो १० इंच खाली लोंबतो, त्याचं काय करायचं ते कळत नाहीये. स्क्रीन १० फूट रुंद आणि साडेसात फूट उंच घेईन असं म्हणतेय. प्रोजेक्टरचं बजेट हजार डॉलर, ताणून अकराशे. नवऱ्याला गोल्फमध्ये शून्य इंटरेस्ट पण त्याला त्याच पडद्यावर क्रिकेट बघायचंय म्हणून मंजुरी लगेच मिळाली :)

४के घेऊ की १०८०पी पुरेल? लेझर की लॅम्प? यूट्यूबवर इतके व्हिडिओ बघितले की आता काहीच कळत नाही.

झक्कास७२
अभिनंदन! माझं मत सरळ आहे, एकदाच घ्यायचं तर ४के घे. बेनक्यूचा टीके७००एसटीआय बघ, ३००० लुमेन्स (उजेडाचं माप), ४के, शॉर्ट थ्रो म्हणजे जवळूनच मोठं चित्र पाडणारा. थोडं बजेटच्या वर जाईल पण रीफर्बिश्ड मिळतो. माझ्याकडे न्यू जर्सीत गॅरेजमध्ये तोच आहे, गवताचं पातं न् पातं दिसतं.

खडूस_काका
हजार डॉलरचा प्रोजेक्टर, त्याच्यावर पडदा, त्याच्यावर तो गार्मिन, त्याच्यावर कॉम्प्युटर. एवढ्यात फ्लोरिडाला चार वेळा जाऊन उन्हात खेळून याल की हो. आम्ही नाशिकचे, आमच्याकडे गोल्फ क्लब मैदान म्हणजे सकाळी चालायला जायचं आणि रणजीची मॅच बघायचं ठिकाण, तिथे गोल्फ कोणी खेळताना उभ्या जन्मात बघितलं नाही. चालू द्या.

लांबलचक
काका :)))

सावनी, मॉडेल बघायच्या आधी टेप घे. प्रोजेक्टर खोली ठरवते, आपण नाही. झक्कासभाऊंचं गॅरेज किती उंच आहे माहीत नाही पण तुझ्या ९ फुटात तो प्रोजेक्टर अडचणीचा आहे, आणि का ते सांगतो.

प्रत्येक प्रोजेक्टरला एक थ्रो रेशो असतो, म्हणजे लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी. तुला १० फूट रुंद चित्र हवंय, त्यामुळे गणित सोपं, रेशोला दहाने गुणायचं. टीके७००एसटीआयचा रेशो ०.९ ते १.०८ आहे, म्हणजे तो पडद्यापासून ९ ते पावणेअकरा फुटांवर लागणार. आता तू कुठे उभी राहणार? पडदा मागच्या भिंतीपासून निदान फूटभर पुढे पाहिजे, नाहीतर बॉल पडद्यासकट भिंतीवर आपटून परत तुझ्या अंगावर येईल. पडद्यापासून बॉल १० फूट. आर१० बॉलच्या मागे ६ ते ८ फूट. १ अधिक १० अधिक ८ झाले १९, तुझे २० फूट संपले. म्हणजे बॉलची जागा पक्की, हलवायला वावच नाही. आणि तो प्रोजेक्टर बरोब्बर तुझ्या डोक्यावर येतो, ९ फुटी छताला टांगलेला. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब काठी, तिचा बॅकस्विंग घेऊन बघ (प्रोजेक्टर लावायच्या आधी).

घरी सिनेमा बघायचे जे साधे प्रोजेक्टर असतात त्यांचा रेशो दीडच्या आसपास, ते १५ फुटांवर लागतात. तिथून लावलास की पडद्यावर फेअरवेच्या मधोमध तुझीच सावली. त्यामुळे ०.५ ते ०.८ या पट्ट्यातलं बघ, बाकी सगळं नंतर.

झक्कास७२
माझ्या गॅरेजची उंची साडेअकरा फूट आहे हे सांगायचं राहिलं, ते खरंय. पण ४केवर मी ठाम आहे.

पडदेवाला
मी ठाण्याला प्रोजेक्टर बसवायचीच कामं करतो, जास्त करून हॉल, शाळा, ऑफिसं. गोल्फचं एकच काम केलंय पण लुमेन्सचं गणित सगळीकडे सारखंच.

चित्र १० फूट रुंद आणि १६:९ चं असेल तर उंची ५ फूट साडेसात इंच, क्षेत्रफळ साधारण ५६ चौरस फूट. ३००० लुमेन्सला ५६ ने भागा, चौरस फुटाला ५३ आले. हे झालं कागदावर. सगळ्यात उजळ मोडमध्ये हिरवट रंग येतो तो कोणी वापरत नाही, रंग बरे दिसतील अशा मोडला टाकलं की साठ-सत्तर टक्के उजेड उरतो, म्हणजे ३५ धरा. थिएटरमध्ये याच मापात १४ असतो, पण तिथे मिट्ट काळोख. तुम्ही मॅटवर लाइट लावणार, बॉल दिसायला पाहिजे ना, त्यामुळे ३५ म्हणजे ठीकठाक आणि ४५ म्हणजे मस्त. मॅटवरचा लाइट अरुंद झोताचा घ्या आणि पडद्याकडे पाठ करून लावा, हे फुकटात होतं आणि हजार लुमेन्स वाढवल्यासारखा फरक पडतो.

आणि लुमेन्स बघताना एन्सी लुमेन्सच (ठरलेल्या पद्धतीने मोजलेले) बघायचे. इकडे ऑनलाइन सात-आठ हजारात "९००० लुमेन्स" लिहिलेले डबे मिळतात, त्यातून एन्सी दोनशे-तीनशे निघाले तरी नशीब.

बावधनकर
पडदेवाला यांना +१. आमच्या रो हाउसच्या ओळीत एकाने असलाच डबा आणलाय, रात्री दिवे घालवून पोरांना कार्टून दाखवायला बरा आहे, दिवसा चालू आहे की बंद ते जवळ जाऊन फॅनच्या आवाजावरून ओळखायचं.

धागा आलाच आहे तर माझंही विचारून घेतो. मी अधूनमधून येरवड्याच्या कोर्सवर जातो. घरी खालचं पार्किंग रिकामं आहे, उंची साडेदहा फूट, दोन बाजू उघड्या. तिथे जमेल का? आणि ते अल्ट्रा शॉर्ट थ्रो, लेझर टीव्ही म्हणतात ते, भिंतीला चिकटून ठेवतात, त्याने तर सावलीचा प्रश्नच मिटेल ना?

लांबलचक
बावधनकर, अल्ट्रा शॉर्ट थ्रो गोल्फला चालत नाही. एक तर तो पडद्याच्या पायाशी फूट-दीड फुटावर ठेवावा लागतो, म्हणजे बॉल पडद्यावर आपटून खाली पडतो तिथेच. आणि दुसरं, इम्पॅक्ट स्क्रीन काही काचेसारखी ताठ नसते, थोड्या वळ्या असतातच. लांबून येणाऱ्या प्रकाशाला त्या वळ्या कळत नाहीत पण इतक्या तिरक्या कोनातून आलेल्या प्रकाशाला इंचभराची वळी म्हणजे अख्खं चित्र वाकडं. बॉल लागला की तर लाटच.

पडदेवाला
आणि दोन बाजू उघड्या म्हणजे दुपारच्या उजेडाशी भांडण, ते कुठलाच परवडणारा प्रोजेक्टर जिंकत नाही. जाड काळे पडदे लावा दोन्ही बाजूंना नाहीतर संध्याकाळी सातनंतर खेळा. धुळीचं पण बघा, उघड्या पार्किंगमध्ये तीन-एलसीडीवाला घेतलात तर फिल्टर सारखा साफ करायला लागेल, दुसऱ्या प्रकारचा, डीएलपी चिपवाला, त्यातल्या त्यात बरा. मेन म्हणजे लाइट जाते तेव्हा लॅम्पवाल्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही, छोटा यूपीएस लावा.

खरं सांगू का, तुम्ही नेट लावा आणि बाजूला ५५ इंची टीव्ही ठेवा. निम्म्या खर्चात काम होतंय.

बावधनकर
टीव्हीचं डोक्यातच आलं नव्हतं. बघतो.

सावनी_ओहायो
बापरे, एवढी माहिती. लांबलचक, तुझं वाचून लगेच खाली जाऊन टेपने मापं घेतली. डक्टची पुढची कड पडद्यापासून साडेसहा फुटांवर येते आणि मागची साडेसातवर, म्हणजे डक्ट फूटभर रुंद. खालची बाजू जमिनीपासून ८ फूट २ इंच.

मग मी दोन निवडलेत. बेनक्यू टीएच६७१एसटी, ३००० लुमेन्स, रेशो ०.६९ ते ०.८३. आणि ऑप्टोमा जीटी१०८०एचडीआर, ३८०० लुमेन्स, रेशो ०.५ ला थोडासा कमी. दोन्ही १०८०पी, दोन्ही लॅम्पचे, दोन्ही बजेटमध्ये. पहिल्याला झूम आहे, दुसऱ्याला नाही. यात कुठला?

लांबलचक
आता डक्टने तुझं काम सोपं केलंय.

टीएच६७१एसटी तुझ्याकडे ६.९ ते ८.३ फुटांत कुठेही चालेल. पण साडेसहा ते साडेसातमध्ये डक्ट आहे, म्हणजे डक्टच्या मागे लावावा लागणार, समज पावणेआठ फुटांवर. आता ऑफसेट बघ. छताला उलटा टांगलेला प्रोजेक्टर चित्र लेन्सच्या पातळीपासून सुरू करत नाही, थोडं खालून करतो. मॅन्युअलमध्ये ११२ टक्के वगैरे लिहिलेलं असतं, त्यातले वरचे १२ टक्के म्हणजे चित्राच्या उंचीच्या १२ टक्के खाली. तुझं चित्र साडेसदुसष्ट इंच उंच, त्याचे १२ टक्के झाले ८ इंच. लेन्स जमिनीपासून १०० इंचांवर धरली तर चित्राची वरची कड पडद्यावर ९२ इंचांवर. म्हणजे किरण पावणेआठ फूट जाताना फक्त ८ इंच उतरतात, आणि डक्टच्या मागच्या कडेपाशी ते अजून जवळजवळ १०० इंचांवरच आहेत. डक्टची खालची बाजू ९८ इंचांवर. लेन्सच्या इतक्या जवळ अख्खं चित्रच जेमतेम सव्वादोन इंच उंच असतं, त्यातले वरचे पावणेदोन इंच डक्ट खाणार, म्हणजे बहुतेक चित्र पडद्याऐवजी तुझ्या डक्टच्या पत्र्यावर. प्रोजेक्टर अजून दोन इंच खाली घेतलास तर सुटेल पण मग तो तुझ्या बॉलच्या सव्वादोन फूटच पुढे आणि डोक्याच्या जवळ, फॉलो-थ्रूला ड्रायव्हर वर जातो त्याच वाटेवर. मला नाही आवडणार.

ऑप्टोमा पडद्यापासून ५ फुटांवर लागतो. बॉडी मागे दहा-बारा इंच जाईल, म्हणजे सहा फुटांच्या आत सगळं संपलं, डक्टच्या पुढे. बॉलपासून ५ फूट पुढे. वेजने (बॉल उंच उडवायची काठी) अगदी ४५ अंशात उडवलास तरी तिथे बॉल ५ फुटांवर असणार आणि प्रोजेक्टरची खालची बाजू ८ फुटांवर. बाय द वे, हा कोन कोणत्याही प्रोजेक्टरला तपासून बघायचा, लोक नुसता स्विंग तपासतात आणि पहिल्याच उंच लॉब शॉटला लेन्स फुटते.

तोटा एकच, झूम नाही. रेशो अर्धा म्हणजे प्रोजेक्टर एक इंच मागे गेला की चित्र दोन इंचांनी रुंद होतं. त्यामुळे माउंट पुढेमागे सरकणारा घे, आणि भोकं पाडायच्या आधी शिडीवर ठेवून चित्र पाडून बघ.

झक्कास७२
हे सगळं पटलं पण १०८०पी १० फुटांवर ताणलं की ठिपके दिसणार नाहीत का? म्हणून तर मी ४के म्हणत होतो.

लांबलचक
१० फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर, भागिले १९२०, एक ठिपका १.६ मिलिमीटरचा. ती १० फुटांवरून बघणार. चांगल्या डोळ्याला तेवढ्या अंतरावरून साधारण ०.९ मिलिमीटरपर्यंतचं वेगळं दिसतं, म्हणजे मुद्दाम शोधलेस तर ठिपके दिसतील, हे मान्य. पण बॉल मारताना आपण पडद्याकडे बघतच नाही, मॅटवरच्या बॉलकडे बघतो, मारल्यावर मान वर करतो तेव्हा बॉल उडत असतो. शिवाय या भावातले बरेचसे ४के डीएलपी हे आतल्या छोट्या चिपचं चित्र भराभर हलवून ४के करतात. आणि जीएसप्रो (सिम्युलेटरचं सॉफ्टवेअर) ४केवर पळवायला ग्राफिक्स कार्ड दणदणीत लागतं, त्याचे पैसे वेगळे. सावनीकडे कॉम्प्युटर कुठला आहे तेही विचारायला हवं.

हां, १२८० बाय ८०० वाले ऑफिसचे स्वस्त शॉर्ट थ्रो असतात, त्यात ठिपका २.४ मिलिमीटरचा होतो, ते मात्र मी घेणार नाही.

झक्कास७२
मुद्दा आहे. पण ते १६:१० असतात, उंची जास्त मिळते. तिची स्क्रीन साडेसात फूट उंच आहे, १६:९ मध्ये खालचे पावणेदोन-दोन फूट रिकामे राहणार.

पडदेवाला
हा प्रश्न खरा आहे आणि दुकानात कोणी सांगत नाही. १० फूट रुंदीला १६:९ दिलं तर उंची ५ फूट साडेसात इंच, १६:१० दिलं तर सव्वासहा फूट, ४:३ दिलं तर बरोबर साडेसात. सिम्युलेटरवाले बरेच जण चौकोनी पडद्यासाठी ४:३ कडे वळतात ते यासाठीच. १६:९ नेच साडेसात फूट उंची भरायची म्हटलं तर रुंदी १३ फूट ४ इंच होते, ताईंची खोलीच १३ ची आहे, म्हणजे चित्र भिंतीवर चढणार. आणि रुंदी वाढली की प्रोजेक्टर मागे जाणार, परत डक्ट.

कीस्टोन (तिरकं चित्र सरळ करायचं सेटिंग) वापरून चित्र ओढूनताणून बसवायच्या फंदात पडू नका. कीस्टोन म्हणजे ठिपके फेकून देणं, चित्र मऊ पडतं. प्रोजेक्टर पडद्याच्या मधोमध आणि लेव्हलमध्ये लावा, कीस्टोन शून्यावर ठेवा.

सावनी_ओहायो
नवऱ्याचं क्रिकेट १६:९ च आहे त्यामुळे १६:९ वर ठेवते :) खालच्या रिकाम्या पट्ट्यावर काळं कापड लावेन, तसाही तिथे बॉल पडून घाण होणार.

कॉम्प्युटर मुलाचा गेमिंगचा जुना आहे, १०८०पीला पुरेल असं तोच म्हणाला. ४केचं नाव काढलं तर नवीन कार्ड मागेल, त्यामुळे तो विषय बंद.

लॅम्पचं काय? सगळे लेझर लेझर करतायत.

पडदेवाला
लॅम्प साधारण ४००० तास धरा. आठवड्याला पाच तास खेळलात तर वर्षाचे २६०. हिशोब तुम्हीच करा, लॅम्प जायच्या आधी तुम्हाला प्रोजेक्टरचा कंटाळा येईल. उजेड हळूहळू उतरत जातो हे खरं, म्हणून सुरुवातीला लुमेन्स जास्त असलेले बरे. लेझर कोणाला, तर दिवसाचे आठ-दहा तास चालवणाऱ्याला, क्लबला, शाळेला. त्यांना लॅम्प बदलायचा त्रास नको असतो. घरच्यासाठी ते तीन-चारशे डॉलर पडद्यात घाला, जाड विणीचा पडदा घ्या, बॉल कमी उसळतो आणि आवाज कमी होतो.

खडूस_काका
मी मघापासून वाचतोय. डक्टला पावणेदोन इंच, चित्राला ८ इंच, ठिपका १.६ मिलिमीटर. मुली, गोल्फ खेळतेस का घराचं प्लॅस्टर करतेस? पण ते क्रिकेटचं पटलं. १० फुटी पडद्यावर क्रिकेट म्हणजे मजा आहे. बावधनकर, तुमचा टीव्हीवाला बेत रद्द करा आणि पडदाच लावा, मॅचला मी येतो.

बावधनकर
या काका, सातनंतर या. टी-ट्वेंटीच चालेल, टेस्ट नाही दिसणार उन्हात :)

सावनी_ओहायो
काका :D

ठरलं मग, ऑप्टोमा. रीफर्बिश्ड बघतेय, वॉरंटी असलेला. दोन शेवटचे प्रश्न. छताला ड्रायवॉल (जिप्समचं शीट) आहे, माउंट त्यात स्क्रू मारून चालेल का? आणि कॉम्प्युटर मागच्या कोपऱ्यात आहे, तिथून छतावरून केबल नेली तर ३५ फूट होतेय.

झक्कास७२
ड्रायवॉलमध्ये अजिबात नको, आतली लाकडी जॉइस्ट (छताची तुळई) शोधायची, स्टड फाइंडर घे. जॉइस्ट नेमकी मधोमध येत नसेल तर दोन जॉइस्टच्या मधे आडवी प्लायवुडची पट्टी ठोक आणि तिच्यावर माउंट, म्हणजे डावी-उजवीकडेही सरकवता येतो. वीज पण बघ, एक्स्टेंशन कॉर्ड छताच्या आतून ओढणं इकडे कोडमध्ये बसत नाही, इलेक्ट्रिशियनकडून छतालाच पॉइंट काढून घे, आणि तोही भोकं पाडायच्या आधी.

पडदेवाला
३५ फुटांना साधी तांब्याची एचडीएमआय १०८०पीला कधी चालते कधी चित्र लुकलुकतं. ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते. एका टोकावर सोर्स लिहिलेलं असतं ते कॉम्प्युटरला, दुसऱ्यावर डिस्प्ले ते प्रोजेक्टरला. उलटी लावली तर चित्रच येत नाही, आणि लोक छत बंद केल्यावर मला फोन करतात. आधी जमिनीवर पसरून दोन्ही टोकं जोडून चित्र येतंय बघा, मग वर चढवा. मोठ्या वळणात न्या, कोपऱ्यात दुमडू नका, आत काच असते.

सावनी_ओहायो
मागवली. शनिवारी शिडीवर ठेवून ट्रायल, लांबलचक तुला फोटो टाकते डक्टसकट.

लांबलचक
टाक. आणि ट्रायलला लेन्सपासून पडद्यापर्यंतच मोज, बॉडीच्या मागच्या कडेपासून नाही.